दामादाचं लॉक

चाक पहिल्यांदा निघालं तेव्हा ते गोदामाच्या फाटकातून बाहेर पडलं, रस्ता ओलांडला, समोरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानात शिरलं आणि तिथं जाऊन आडवं झालं. पंक्चरवाल्यानं ते उचललं, सगळीकडून दाबून पाहिलं आणि परत आणून देताना यशदीपला म्हणाला, "भैया, ये मेरे काम का नहीं है. इसमें हवा ही नहीं लगती."

"मेरे भी काम का नहीं है," यशदीप म्हणाला. "इसका लॉक ही नहीं है."

यशदीप रामटेके रायपूरच्या भनपुरीतल्या एका खाद्यतेलाच्या गोदामात स्टोअर सांभाळायचा. तिथं लाकडी पॅलेटवर तेलाचे डबे रचायचे, त्याखाली हातगाडीचे दोन लोखंडी हात सरकवायचे, दांडा पाच-सात वेळा खालीवर करायचा, की टनभर तेल जमिनीपासून चार बोटं वर येतं आणि एकटा माणूस ते ओढत ट्रकपर्यंत नेतो. अशा तीन पॅलेटगाड्या होत्या. हमालांचा जमादार हरिदास यानं तिघांचं बारसं केलं होतं: राजा, मंत्री आणि दामाद. दामाद अशासाठी, की तो कामाला कमी आणि जपायला जास्त होता.

आता लॉक म्हणजे काय, तर पोलादाची एक कडी. पण पुरती न जुळलेली, तोंड उघडं असलेली. दोन्ही टोकांना बारीक भोकं. त्या भोकांत लॉक-प्लासाची टोकं घालून कडी फाकवायची आणि आसाच्या खाचेत सोडून द्यायची. त्यानंतर तिचं काम एवढंच, की काही करायचं नाही. एका जागी बसायचं आणि चाकाला बाहेर जाऊ द्यायचं नाही. गोदामात असं काम करणारे आणखी दोघं होते, पण ते वॉचमन होते आणि त्यांना सुट्ट्या मिळायच्या.

लॉक उडायची गोदामाची जुनी सवय होती आणि तिच्यावरचा इलाजही तेवढाच जुना होता: राजाचं लॉक उडालं, की दामादाचं काढून राजाला लावायचं. तसं ते लावलं होतं. तेव्हापासून दामाद भिंतीला टेकून उभा होता. कोणी विसरून त्याला ओढलं, की चाक पंक्चरवाल्याकडं जायचं. चार-पाच खेपांनंतर पंक्चरवाल्यानं त्याच्यासाठी बाकाखाली जागा करून दिली.

यात यशदीपचा जीव का अडकला होता, तर त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अडकलं होतं म्हणून.

मुलगी गोंदियाची, चेतना बोरकर. दोघांची पसंती झाली होती, फोनवर बोलणं चालू होतं, तारीख ठरली होती. तेवढ्यात राजाचं लॉक उडालं आणि चिरागनं सुट्टी रद्द केली. चिराग म्हणजे मालकाचा पुतण्या. तो शंकर नगरातल्या ऑफिसात बसायचा आणि गोदाम कॅमेऱ्यावर पाहायचा. भनपुरीची धूळ त्याला मानवायची नाही, पण पडद्यावरची चालायची. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, "मुझे कैमरे में तीनों गाड़ी चलती दिखनी चाहिए. जिस दिन दिखीं, उस दिन छुट्टी. दिवाली का माल है भाई, तेरी सगाई के लिए लोग बिना तेल के पूड़ी खाएँगे क्या?"

साक्षगंध पुढं ढकललं गेलं. आता कारण काय सांगायचं, हा प्रश्न होता. यशदीपचे वडील धर्मपाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी होणाऱ्या इवायाला, म्हणजे व्याह्याला, फोन लावला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "पोट्ट्याच्या ऑफिसात ऑडिट निघालं."

फोन ठेवल्यावर यशदीपनं विचारलं, "बाबा, ऑडिट काहून सांगतलं?"

"मंग का सांगू? हातगाडीची एक कडी उडाली म्हणून साक्षगंध होत नाही म्हणू? त्याहिले वाटन पोट्टा हमाली करते. ऑडिट कसं भारी वाटते. मोठ्या मोठ्या लोकाइचं होते."

चेतनाला मात्र खरं माहीत होतं. ती म्हणाली होती, "मी बाबाले सांगू का? ते मिलमध्ये परचेसलेच आहेत. कोणता पार्ट पाहिजे, तुम्ही फक्त सांगा."

"नको," यशदीप म्हणाला होता. "एकदा ऑडिट सांगतलं नं, आता ऑडिटच राहू दे."

चेतनाचे बाबा शालिग्राम बोरकर गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये सामान खरेदी करायचे. बैठकीत त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, की इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक चुकीची वस्तू मिलमध्ये आली नाही. अशा माणसासमोर कडीचं नाव काढायला तोंड होत नव्हतं. महिनाभरानंतरच्या रविवारची नवी तारीख देताना मात्र शालिग्रामजींनी धर्मपालांना शांतपणे बजावलं, "या वेळी ऑडिट निघालं तर निघू द्या. आम्ही मंग दुसरीकडं पाहू. भिलाईचं एक स्थळ विचारून राहिलं."

म्हणजे त्या रविवारपर्यंत दामाद चालला नाही, तर चेतना भिलाईला जाणार होती. यशदीपनं हे गणित स्वतःशी अनेकदा मांडून पाहिलं. उत्तर दर वेळी भिलाईच आलं.

त्यानं आधी गाडी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"सर, लॉक अलग से नहीं आता," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "चक्के के साथ आता है."

"तो चक्का दे दीजिए."

"चक्का अलग से नहीं आता सर. एक्सल के साथ आता है."

"एक्सल?"

"हैंडल के साथ, सर."

"और हैंडल गाड़ी के साथ," यशदीप म्हणाला.

"जी सर! आप तो सब जानते हैं."

फोन संपल्यावर, आपली समस्या सुटली का, सुटली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा, असा संदेश आला. यशदीपनं दोन दाबलं. 'आपण चुकीचा पर्याय निवडला आहे,' असं उत्तर आलं.

मग तो जवळच्या कारखान्यांच्या भागात, उरल्याला गेला. तिथं एका दुकानात भिंतभर खिळ्यांवर लॉकंच लॉकं टांगलेली. करंगळीत जाईल इथपासून गळ्यात घालता येईल इथपर्यंत. यशदीपनं दामादाच्या दुसऱ्या चाकाचं लॉक नमुना म्हणून नेलं होतं. दुकानदारानं ते एकेका खिळ्यावरच्या लॉकाला लावून पाहिलं. एक सूतभर मोठं, एक सूतभर लहान. मधल्या मापाचा खिळा रिकामा होता.

"ये साइज़ कोई बनाता ही नहीं," दुकानदार म्हणाला.

"ये जो आपके हाथ में है, ये?"

दुकानदारानं हातातलं लॉक नीट पाहिलं. "हाँ, ये भी नहीं बनता," म्हणाला आणि परत दिलं.

मग धर्मपालांनी मनावर घेतलं. "मी असे वॅगनचे चाकं सांभाळले. ते कलकत्त्याले जाऊन वापस आले. तुया हातगाडीचं का घेऊन बसला?" असं म्हणत ते एका रविवारी जाड तार, पक्कड आणि दुपारचा डबा घेऊन गोदामात आले. तारेला पीळ दिला, खाचेत बसवली, वरून हातोडीनं ठोकली, आणि दामादाच्या दांड्याला हात लावून म्हणाले, "वढा." हरिदासनं ओढलं. दामाद सरळ चालला. धर्मपालांनी मुलाकडं पाहिलं. दामाद वळला. चाक पंक्चरवाल्याकडं गेलं. धर्मपालांनी डबा न उघडताच उचलला आणि म्हणाले, "रुळावर वळण नसते एवढं."

लबाडीही करून पाहिली. राजालाच तीन वेळा कॅमेऱ्यासमोरून न्यायचं ठरलं. एकदा उघडा, एकदा वर गोणपाट टाकून, एकदा उलट दिशेनं. चिरागला पत्ता लागला नसता, पण राजा ओढणारा हरिदास दर वेळी कॅमेऱ्यापुढं थांबून "राम राम भैया" म्हणून हात जोडायचा. तिसऱ्या रामरामाला फोन आला.

शेवटी लुधियान्याच्या एका माणसाकडं ते माप ऑनलाइन सापडलं. यशदीपनं पैसे भरले आणि वाट पाहत बसला. पार्सल नागपूरला आलं. तिथून रायपूरला यायचं सोडून विशाखापट्टणमला गेलं, समुद्र पाहून परत आलं, आणि शुक्रवारी सकाळी गोदामात पोचलं. खोकं एवढं मोठं, की दोघांनी उतरवलं. आत कागद, कागदात फुगे असलेलं प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये आणखी एक खोकं, आणि त्यात कागदी पाकिटात एक लॉक.

यशदीपनं ते तळहातावर घेतलं. त्याला रडू येईल असं वाटलं. त्यानं लॉक-प्लास मागितला.

"आज नइ," हरिदास आपल्या छत्तीसगढीत म्हणाला.

त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती.

भनपुरी-उरल्याकडं या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. वर्षभर माणूस हत्यार वापरतो, एक दिवस हत्याराची पूजा होते. गोदामात सकाळीच मूर्ती बसली होती. तिन्ही गाड्या धुऊन, शेंदराचा टिळा लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या होत्या. दामादाची माळ सगळ्यांत मोठी होती. लॉक-प्लास, पाने, हातोडी, सगळं मूर्तीपुढं लाल कापडावर, मनगटाला बांधतात तसा लाल धागा बांधून ठेवलेलं.

"हरिदास भैया, पाँच मिनट का काम है."

"हव, पाँच मिनट के काम ए. काली करबो."

"कल शाम को मेरी ट्रेन है. परसों साक्षगंध है."

"काली बिहनिया आरती होही, ओखर बाद प्लास तोर, दामाद तोर, ट्रेन तोर." उद्या सकाळच्या आरतीनंतरच, असं ठरवून टाकत हरिदासनं त्याच्या हातातलं लॉक घेतलं आणि उन्हाकडं धरून पाहिलं. "अउ नवा सामान पहिली भगवान के हाथ म जाथे. फेर मसीन म."

मूर्तीला चार हात होते. एकात हातोडा, एकात मोजपट्टी, एकात पोथी. चौथ्या हातात काही द्यायला मूर्तिकार विसरला होता, नुसतीच मूठ वळलेली होती. हरिदासनं दोन्ही अंगठ्यांनी लॉक फाकवलं आणि मुठीच्या अंगठ्यावर सोडलं. ते असं चपखल बसलं, की सगळ्यांनी जयजयकार केला.

यशदीपच्या घरी मूर्तिपूजा नव्हती, बुद्धवंदना होती. पण गोदामाच्या या पूजेत पत्रावळी आणणं, बुंदी सांगणं, वाटपाला उभं राहणं, ही कामं दरवर्षी त्याच्याकडं असत आणि तो ती मनापासून करायचा. त्यामुळं पूजेच्या नियमांवर हरिदासशी वाद घालण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटलं. त्यानं बुंदी वाटली. वाटताना तो दर दोन मिनिटांनी मुठीकडं पाहत होता. लोकांना वाटलं, यंदा पोराला भक्ती लागली.

रात्री चेतनाचा फोन आला. "आलं का लॉक?"

"आलं."

"बसलं?"

"बसलं. पण देवाच्या हातात बसलं."

ती म्हणाली, "यश, तुले लगन नाही करायचं का? सरळ सांग. मी रडणार नाही." एरवी ती त्याला तुम्ही म्हणायची.

शनिवारी आरती झाली. विसर्जन दुपारी होतं. हरिदास म्हणाला, हत्यारांचे धागे सोडायला जरा वेळ लागेल, तोवर कुठं जायचं तर जाऊन ये. यशदीपनं विचार केला, साक्षगंधाला केस कापून गेलेलं बरं. तो चौकातल्या न्हाव्याकडं जाऊन बसला. उजवी बाजू छान बारीक झाली होती. डावीकडं कात्री वळणार, तेवढ्यात चिरागचा फोन.

"विसर्जन में सब दिख रहे हैं, तू नहीं दिख रहा?"

"भैया, विसर्जन तो दोपहर को है ना?"

"दोपहर को माल की गाड़ी लगेगी. मैंने बोला मूर्ति अभी निकालो."

यशदीप गळ्यातल्या कापडासकट धावला.

गोदामात मंत्री आणि दामाद तेवढे माळा घालून उभे होते. लॉक-प्लास लाल कापडावर पडला होता. यशदीपनं तो उचलला आणि ढोलाच्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटला. वाटेत पंक्चरवाला ओरडला, "भैया, आज चक्का नहीं आया!"

तलाव, म्हणजे तिकडची तरिया, दोन पारे, म्हणजे दोन वस्त्या, सोडून होती. मूर्ती न्यायला वेगळी गाडी मिळाली नव्हती. म्हणून हमालांनी आपलीच पद्धत वापरली होती: मूर्ती लाकडी पॅलेटवर, पॅलेट राजावर, आणि पुढं ढोल. गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर चालायची सवय असलेला राजा भनपुरीच्या रस्त्यावर निघाला होता. त्यानं पहिला खड्डा सोसला, दुसरा सोसला. तिसऱ्यात त्याचं चाक निघालं. लॉक, म्हणजे मुळात दामादाचं लॉक, टणकन उडून नालीत गेलं.

यशदीप पोचला तेव्हा देव रस्त्याच्या मध्यभागी एका बाजूला कलून थांबले होते. मागं ट्रकांची रांग लागली होती आणि पुढं ढोलवाले थांबावं की वाजवावं या विचारात हळूहळू वाजवत होते. हरिदास नालीत हात घालून बसला होता.

"लॉक गे," हरिदास म्हणाला.

"वो वाला गया," यशदीप धापा टाकत म्हणाला. "मेरा वाला तो है ना?"

दोघांनी एकदमच वर पाहिलं. मुठीत लॉक चमकत होतं. हरिदास नालीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की यशदीपनं प्लास पाठीमागं लपवला.

"देखव!" हरिदास सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "भगवान अपन गाड़ी बर खुदे लॉक धरे रिहिस!"

"नहीं, नहीं. वो दामाद का है," यशदीप म्हणाला.

पण ढोल जोरात सुरू झाले होते. लोकांनी त्याला उचलून पॅलेटवर चढवलं. त्याच्या हातात प्लास होता, गळ्यात न्हाव्याचं कापड होतं आणि अर्ध्या डोक्यावर केस होते. खालून कोणी तरी विचारलं, "ये कौन है?" आणि कोणी तरी उत्तर दिलं, "मिस्तरी महाराज." त्यानं लॉक अलगद काढलं. मग सगळ्यांनी खांदे लावून पॅलेट वर धरली. यशदीप रस्त्यावर आडवा झाला, चाक आसावर चढवलं, लॉक फाकवलं आणि खाचेत सोडलं. टक्. असा आवाज त्याला या गाडीत नव्हे, दुसऱ्या गाडीत ऐकायचा होता.

ते फार छान बसलं. बोटानं ढकलून पाहिलं, हललं नाही.

'तरियावर देव उतरले की पाच मिनिटांत काढतो आणि दामादाला लावतो,' त्यानं स्वतःला सांगितलं. हाच एक विचार घेऊन तो राजाच्या मागं चालत राहिला. प्लास त्यानं खिशात ठेवला नाही, हातातच ठेवला.

तरियाला पायऱ्या नव्हत्या, सिमेंटचा उतार होता. हरिदासनं दांडा धरला आणि सांगितलं, "धीरे, धीरे." मागच्यांना ढोलामुळं "ठेलव, ठेलव" ऐकू आलं की त्यांनी उत्साहानंच ढकललं, हे नंतरही कळलं नाही. राजा उतारावर लागला. त्याला ब्रेक नसतो. हरिदासनं दांडा सोडला आणि बाजूला उडी मारली. एखादं चाक त्या क्षणी निघालं असतं तर गाडी घासत थांबली असती. महिनाभर जे चाक कारण नसताना रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याकडं जायचं, त्याच जातीचं ते चाक आज सरळ रेषेत, न डगमगता, पाण्यात गेलं. लॉक पक्कं बसलं होतं.

जयजयकार झाला. देव बुडाले. त्यांच्याखाली राजाही बुडाला. पाण्याबाहेर फक्त दांड्याची मूठ राहिली, आणि तिच्यावर झेंडूची माळ.

यशदीप गुडघाभर पाण्यात शिरून उभा राहिला. मूठ धरून ओढली. मूठ जागची हलली नाही.

खिशातला फोन वाजला. चिराग म्हणाला, "कैमरे में एक ही गाड़ी चलती दिख रही है."

"भैया, राजा तालाब में है."

"तालाब में? एक लंगड़ी, एक डूबी हुई, और तू गोंदिया जाएगा? कल सुबह ड्यूटी पे आ."

फोन ठेवतो न ठेवतो तोच चेतनाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं बॅग भरली का ते पाहायला लावला होता. तिला दिसलं ते असं: पाणी, चिखल, अर्धे केस, प्लास.

"हे का होय?" ती म्हणाली. आणि तिच्या खांद्यामागून शालिग्रामजींचा चेहरा वर आला.

शालिग्रामजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ऑडिट तलावात करून राहिले का?"

यशदीपजवळ आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ट्रेन चुकणार होती, सुट्टी गेली होती, कॉलरमध्ये केस टोचत होते. तो तिथंच, पाण्यात उभा राहून, सगळं बोलला. "ऑडिट नाही बाबूजी. ऑडिट नव्हतंच कधी. पॅलेटगाडी हाय. तिच्या चाकाचं एवढुसं लॉक असते. ते उडालं म्हणून मांगच्या वेळी आलो नाही, आन् ते तलावात गेलं म्हणून उद्या येऊ शकत नाही. लॉक! कडी! पंचवीस एमएमचा आस हाय, कोणी बनवत नाही ते माप! भिलाईवाल्याकडं चांगल्या गाड्या असतील. त्याचे लॉकं नसतील उडत."

शालिग्रामजींचा चेहरा बदलला. "पंचवीसचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

ते पडद्यावरून नाहीसे झाले. चेतना मागं वळून पाहत म्हणाली, "बाबा आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. यश, तू काहून एवढ्या जोरानं बोल..." आणि यशदीपच्या ओल्या हातातून फोन निसटला आणि राजाच्या शेजारी जाऊन बसला.

रविवारी यशदीप अर्ध्या केसांनीच ड्युटीवर गेला, कारण तो परतेपर्यंत न्हाव्याचं दुकान बंद झालं होतं. धर्मपाल आदल्या संध्याकाळपासून घरी कोणाचा फोन उचलत नव्हते. गोदामात एकट्या मंत्र्यावर माल चढत होता. बाकीचं हमाल खांद्यावरून नेत होते आणि जाता जाता दामादाला शिव्या देत होते. यशदीपही डबे उचलत होता. आता हमाली करतो असं कोणी म्हटलं असतं तरी तक्रार नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा फाटकाशी दोन ऑटो थांबले. पहिल्यातून धर्मपाल उतरले, मान खाली. त्यांच्यामागून आई मीराबाई, हातात पेढ्यांचं खोकं. दुसऱ्यातून चेतना, तिची आई, तिची मावशी, आणि सगळ्यांत शेवटी शालिग्रामजी, काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा घट्ट धरून.

"फोन लागत नाही, घरचे उचलत नाही," शालिग्रामजी म्हणाले. "म्हटलं सकाळच्या गाडीनं जाऊनच पाहावं. कुठं हाय ते?"

"काय?"

"दामाद का काय म्हणता, ते."

यशदीपनं भिंतीकडं बोट दाखवलं. शालिग्रामजी दामादाजवळ उकिडवे बसले. त्यांनी डबा उघडला. आत, ग्रीस लावून, कागदात थरांवर थर रचून, लॉकंच लॉकं होती. सगळी एका मापाची.

हरिदासनं हात जोडले, पण कशाला ते त्याचं त्यालाच ठरवता आलं नसावं.

"मिलच्या गाड्याइले अठ्ठावीसचं लागते," शालिग्रामजी दामादाकडंच पाहत म्हणाले. "मी पंचवीसचं मागवलं. पेटीच्या पेटी. मालकाले दाखवलं असतं तर... म्हणून घरी आणून ठेवलं. रजयांच्या मांगं. दोन वर्ष झाले, पाहुणे आले का मले रजया काढायची भीती वाटते." मग ते धर्मपालांकडं वळले. "इवाईबुवा, तुम्ही तेवढं ऑडिट बोलले नसते, अन् मी एकही चूक केली नाही म्हणलं नसतं, तर मांगच्याच महिन्यात मोकळं झालो असतो."

"मी म्हणलं होतं, बाबाले सांगू का," चेतना म्हणाली. ती कोणाकडंही पाहत नव्हती. "मी म्हणलं होतं."

यशदीपनं प्लास घेतला. पहिलं लॉक त्याच्या हातातून उडून तेलाच्या डब्यांमागं गेलं. पण आता त्याची पर्वा नव्हती. दुसरं बसलं. टक्.

"यातले उरलेले?" त्यानं विचारलं.

"ठेवून घ्या," शालिग्रामजी घाईघाईनं म्हणाले. "सगळे. वापस देऊ नका."

जेवणाची सुट्टी संपायला थोडा वेळ होता. मीराबाई म्हणाल्या, पाहुणे आले आहेत, पेढे आहेत, पोरगा-पोरगी समोर आहेत, मग आणखी कोणत्या मुहूर्ताची वाट पाहून राहिले? आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत, हे त्यांनी स्वतःच आठवून सांगितलं. धर्मपालांनी पिशवीतून बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो काढले. ते दोन्ही गोंदियाला न्यायच्या त्या पिशवीत तसेच राहिले होते. तेलाच्या डब्यांच्या थप्पीवर पांढरं कापड टाकून फोटो ठेवले, मेणबत्ती लावली. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. हमाल मागं ओळीनं उभे राहिले. दामादाची माळ सुकली नव्हती, पण ती वापरायची नाही असं चेतनानं बजावलं. फोटो काढताना यशदीपला उजवी बाजू पुढं करून उभं राहायला सांगितलं. त्यामुळं प्रत्येक फोटोत तो कोणाच्या तरी मागं काही हरवलंय असं पाहताना दिसतो.

पेढे वाटून झाले. हरिदासनं आनंदाच्या भरात दामादावर पेढ्यांची रिकामी खोकी ठेवली आणि त्याला गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं, वळवलं, परत आणलं. चाक जागेवर होतं. कॅमेऱ्यापुढं आल्यावर तो सवयीनं थांबला. "राम राम भैया."

सकाळी फक्त चिरागला नंबर कळवलेल्या नव्या फोनवर, म्हणजे धर्मपालांच्या जुन्या फोनवर, चिरागचा संदेश आला. यशदीपनं तो मोठ्यानं वाचला, "'दामाद चलता दिखा. अच्छा है. राजा की बात सोमवार को करेंगे. ये पेड़े किस बात के? खैर. छुट्टी मंज़ूर. आज ही गोंदिया निकल जा.'"

सगळे चेतनाकडं पाहायला लागले. तिनं उरलेला पेढा तोंडात टाकला.

"जा नं मंग," ती म्हणाली. "तिथं कोणीच नाही."